नावे कुणाच्या, जमा कुणाच्या?
अकरावी वाणिज्यच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठीही



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून पुष्कळ मुले-मुली वाणिज्य शाखेकडे वळतात. नोकरी लवकर मिळेल, बँकेत चिकटता येईल, निदान कुठेतरी हिशेबनीस म्हणून लागता येईल, हा त्यामागचा विचार. विचार वाईट नाही. पण घरात या विषयाचा गंध कुणाला नसतो. वडील कारखान्यात किंवा बांधकामावर, आई घरकामाला किंवा शिलाईला. वर्गात पुस्तपालनाचा तास सुरू होतो, सर फळ्यावर 'नावे' आणि 'जमा' लिहितात आणि पहिल्या पंधरा दिवसांतच मुलगा घाबरून जातो. शिकवणीची फी परवडत नाही. मग नियम पाठ करायचे आणि परीक्षेत नशिबावर हवाला ठेवायचा, असे चालते.

आमचे म्हणणे असे की, हा विषय पाठांतराचा नाही. तो आपल्या घरात, किराणा दुकानात, भिशीत आणि बचत गटात रोज घडतो. फक्त त्याची नावे आपल्याला ठाऊक नसतात. तीच आज एकेक करून पाहू.

वाण्याच्या वहीतला पहिला धडा

महिनाअखेरीला पगार संपला की आपण वाण्याला म्हणतो, "दोन किलो तांदूळ द्या, आमच्या नावावर मांडा." वाणी वही उघडतो आणि रक्कम आपल्या नावे लिहितो. पगार झाला की आपण पैसे देतो आणि म्हणतो, "जमा करून घ्या." झाले! नावे आणि जमा तुम्हाला लहानपणापासून येते. वाण्याकडून ज्याने माल घेतला त्याच्या नावे रक्कम पडली. ज्याने पैसे दिले त्याच्या खात्यावर रक्कम जमा झाली. व्यक्तिगत खात्याचा नियम एवढाच आहे : घेणारा नावे, देणारा जमा.

आता बाकीची दोन खाती पाहा. रोकड, मशीन, फर्निचर, माल अशा वस्तूंच्या खात्यांना वास्तव खाती म्हणतात. त्यांचा नियम : जे आत येते ते नावे, जे बाहेर जाते ते जमा. तिसरी नामधारी खाती. भाडे, वीज, मजुरी, व्याज, कमिशन अशा, हातात धरता न येणाऱ्या गोष्टींची. त्यांचा नियम : खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा.

येथे विद्यार्थी हमखास एका ठिकाणी अडखळतात. बँकेच्या पासबुकात आपण भरलेले पैसे 'जमा' बाजूला दिसतात. पुस्तकात मात्र सर सांगतात, बँकेत पैसे भरले की 'बँक खाते नावे'. मग खरे कोणते? दोन्ही खरे. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल असते. बँकेच्या दृष्टीने तुम्ही देणारे, म्हणून तुमचे खाते जमा. तुमच्या वहीत बँक ही घेणारी, म्हणून बँक खाते नावे. व्यवहार एकच, वह्या दोन. कोणतीही नोंद करण्यापूर्वी 'ही वही कुणाची?' असा प्रश्न स्वतःला विचारा. निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात आणि दोन्ही लिहायच्या, या रीतीला द्विनोंदी पद्धत म्हणतात. इटलीतील व्हेनिसचे व्यापारी ती फार पूर्वीपासून वापरत होते. लुका पाचोली नावाच्या धर्मगुरूने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणितावरील ग्रंथात ती सविस्तर मांडली. आपल्याकडेही हिशेब लिहिण्याची जुनी परंपरा आहे. पेशवाईतील मोडी लिपीतल्या रोजकीर्दी पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही जपून ठेवलेल्या आहेत. 'रोजकीर्द' हा शब्द तुमच्या पाठ्यपुस्तकात आला तो नवा नाही, तीनशे वर्षे जुना आहे. मात्र त्या काळी ही वही लिहिणारे हात कुणाचे होते आणि अंगठा उठवणारे हात कुणाचे होते, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

एक महिन्याचा हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका ताईंनी साठवलेले 20,000 रुपये घालून शिलाईचा व्यवसाय सुरू केला. महिन्याभरात पुढील व्यवहार झाले :

1. 12,000 रुपये रोख देऊन शिलाई मशीन घेतले.
2. कापड व्यापाऱ्याकडून 6,000 रुपयांचे कापड उधारीवर आणले.
3. कपडे शिवून विकले. 9,500 रुपये रोख मिळाले, 1,500 रुपयांची शेजारणीकडे उधारी राहिली.
4. जागेचे भाडे 1,000 आणि विजेचे 300 रुपये दिले.
5. घरखर्चासाठी धंद्यातून 3,000 रुपये घेतले.
6. कापड व्यापाऱ्याला 4,000 रुपये दिले.

महिनाअखेर ताईंनी डबा उघडून पैसे मोजले, तर 9,200 रुपये निघाले. घरातील माणसे काय म्हणतील? "वीस हजार घातले होते, नऊ हजार दोनशे उरले. दहा हजार आठशे बुडवले. बंद कर तो धंदा!" असे किती चांगले धंदे केवळ हिशेब न समजल्यामुळे बंद पडतात आणि किती बाया उगाच बोलणी खातात! आता हिशेब काय म्हणतो ते बघू.

प्रथम रोजकीर्द. भांडवल आले तेव्हा रोख खाते नावे, भांडवल खाते जमा. मशीन घेतले तेव्हा मशीन खाते नावे, रोख खाते जमा. कापड उधार आणले तेव्हा खरेदी खाते नावे, व्यापाऱ्याचे खाते जमा. विक्री झाली तेव्हा रोख खाते 9,500 ने नावे, शेजारणीचे खाते 1,500 ने नावे आणि विक्री खाते 11,000 ने जमा. भाडे आणि वीज ही खर्चाची खाती नावे, रोख जमा. घरी नेलेले 3,000 हे 'उचल' खाते नावे, रोख जमा. शेवटी व्यापाऱ्याला दिले ते व्यापाऱ्याचे खाते नावे, रोख जमा.

या नोंदी खात्यांवर उतरवल्या की ती खतावणी. प्रत्येक खात्याची शिल्लक काढून एका कागदावर मांडली की ते तेरीज पत्रक. आपल्या उदाहरणात नावे बाजूला रोख 9,200, मशीन 12,000, खरेदी 6,000, शेजारीण 1,500, भाडे 1,000, वीज 300 आणि उचल 3,000, एकूण 33,000. जमा बाजूला भांडवल 20,000, विक्री 11,000 आणि व्यापाऱ्याचे देणे 2,000, एकूण 33,000. तेरीज जुळली.

पण सावधान. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक, असे समजू नका. एखादा व्यवहार मुळातच लिहायचा राहिला, तरी तेरीज जुळते. मशीनचे 12,000 रुपये चुकून 'खरेदी' खात्यात टाकले, तरी जुळते. मात्र नफ्याचा आकडा पार खोटा येतो. तेरजेने बेरजेची आणि एकेरी नोंदीची चूक सापडते, डोक्यातली चूक सापडत नाही. परीक्षेत हा प्रश्न वरचेवर येतो.

आता नफा. महिनाअखेर 1,000 रुपयांचे कापड शिल्लक आहे असे धरू. विक्री 11,000 अधिक शिल्लक माल 1,000, त्यातून खरेदी 6,000 वजा केली की ढोबळ नफा 6,000. त्यातून भाडे 1,000 आणि वीज 300 वजा करा. आणखी एक खर्च आहे, जो कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. मशीन दहा वर्षे चालेल असे धरले, तर ते दरमहा 100 रुपयांनी झिजते. याला घसारा म्हणतात. तोही वजा केला की निव्वळ नफा 4,600 रुपये.

आणि ताळेबंद? देणी बाजूला भांडवल 20,000 अधिक नफा 4,600 वजा उचल 3,000, म्हणजे 21,600. व्यापाऱ्याचे देणे 2,000. एकूण 23,600. मालमत्ता बाजूला रोख 9,200, मशीन 11,900, शिल्लक कापड 1,000, शेजारणीकडून येणे 1,500. एकूण 23,600. दोन्ही बाजू सारख्या.

म्हणजे ताईंनी दहा हजार आठशे बुडवले नाहीत. घरात 3,000 देऊनही त्यांचे भांडवल 20,000 वरून 21,600 झाले. पैसा गेला नाही, त्याने रूप बदलले. मशीन झाला, कापड झाला, उधारी झाला. रोकड आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला उमगले त्याला पुस्तपालन उमगले.

याला उलटी बाजूही आहे. हातात रोकड खुळखुळते म्हणून नफा आहे, असेही नव्हे. कर्जावर रिक्षा घेणारा भाऊ रोजच्या गल्ल्यातून पेट्रोल किंवा गॅस आणि हप्ता वजा करतो आणि उरले ते खर्च करतो. रिक्षा झिजते आहे, टायर आणि इंजिनाचे काम पुढे निघणार आहे, हे वहीत नसते. घसाऱ्याचे पैसे बाजूला न काढल्यामुळे गाडी जुनी झाली की पुन्हा कर्ज. घसारा हा परीक्षेपुरता शब्द नाही.

'उचल' या शब्दाकडेही लक्ष द्या. धंदा वेगळा आणि मालक वेगळा, हे लेखाकर्माचे मूळ तत्त्व आहे. गल्ल्यातून घरी नेलेला प्रत्येक रुपया लिहिला गेला पाहिजे. लग्नकार्यात, आजारपणात गल्ला रिकामा होतो आणि मग 'धंदा चालला नाही' असे म्हटले जाते. धंदा चाललेला असतो, उचल लिहिलेली नसते.

हिशेबनीस आणि अर्थशास्त्रज्ञ

येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी हात वर करील आणि म्हणेल, "ताईंच्या मेहनतीचे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याच ताई एखाद्या शिलाई कारखान्यात गेल्या असत्या, तर समजा, त्यांना महिना 8,000 रुपये मिळाले असते. स्वतःच्या धंद्यासाठी त्यांनी ते सोडले. या सोडलेल्या कमाईला अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात. हिशेबनिसाच्या वहीत नफा 4,600, पण अर्थशास्त्रज्ञाच्या दृष्टीने 3,400 रुपयांची तूट.

म्हणून धंदा बंद करावा का? घाई नको. कारखान्यात जायचे तर प्रवासाचा वेळ आणि भाडे, लहान मुलांना सांभाळायची सोय, हेही मोजावे लागेल. धंदा पहिल्याच महिन्यातला आहे, गिऱ्हाईक वाढेल. निर्णय काहीही होवो, पण घरातल्या बाईची मेहनत फुकट धरून नफा काढू नये, एवढे या संकल्पनेतून शिकावे.

कॉलेजात मुलगा तीन वर्षे शिकतो तेव्हाही घर संधी-खर्च सोसत असते. त्याने त्या काळात कमावले असते, ते घर सोडून देते. पालक हा खर्च कुठे लिहीत नाहीत. मुलांनी तो मनात लिहून ठेवावा.

व्याजाचा दर नीट वाचा

"बारा टक्के सपाट दर" असे सांगून कर्ज दिले जाते तेव्हा काय होते? 12,000 रुपये एका वर्षासाठी घेतले. सपाट दराने व्याज 1,440. दरमहा हप्ता 1,120. ऐकायला ठीक वाटते. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता. दुसऱ्या महिन्यात तुमच्याकडे 11,000 च उरतात, शेवटच्या महिन्यात फक्त 1,000. तरी व्याज मात्र पूर्ण 12,000 वर!

आता हेच घटत्या शिल्लकेवर मोजा. दरमहा एक टक्का. पहिल्या महिन्यात 12,000 चे 120, दुसऱ्यात 11,000 चे 110, असे करीत शेवटी 1,000 चे 10. सगळे मिळून व्याज 780 रुपये. सपाट दरात 660 रुपये जास्त गेले. बारा टक्के सपाट म्हणजे खऱ्या हिशेबाने वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के. आणि "शेकडा तीन" म्हणून जे खासगीत उचलले जाते, ते दरमहा असते. म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के.

कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारा : दर महिन्याचा की वर्षाचा? सपाट की घटत्या शिल्लकेवर? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे सावकारीला परवाना लागतो आणि परवानाधारक सावकाराने हिशेबाची वही ठेवणे, परतफेडीची पावती देणे बंधनकारक आहे. पावती मागणे हा उद्धटपणा नाही, हक्क आहे.

रुपया किती मोठा?

अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'पैशातील उत्पन्न' आणि 'वास्तव उत्पन्न' असा भेद येतो. पगार 10,000 चा 10,500 झाला, म्हणजे पाच टक्के वाढला. पण त्याच काळात बाजारभाव आठ टक्के वाढले असतील, तर काल 10,000 त जे येत होते त्याला आज 10,800 लागतात. कागदावर वाढ, ताटात घट. रुपयाची खरी किंमत त्यावर छापलेल्या आकड्यात नसते, तो काय विकत घेऊ शकतो यात असते.

हा विषय आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी. 1918 ते 1920 या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध 1923 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा परदेशी चलनाशी असलेला दर स्थिर ठेवण्यापेक्षा देशातली त्याची खरेदीशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, हा त्यातील गाभ्याचा विचार आहे. भाव चढले की मजुरी मागे राहते आणि व्यापाऱ्याच्या नफ्याची किंमत मजूर मोजतो, हे त्यांनी आकडेवारीने दाखवले. 1925 साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाच्या प्रश्नावर साक्षही दिली.

त्याआधी, 1918 मध्ये, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. तुमच्या पुस्तकात उत्पादनाचे चार घटक असतात : भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्यावर राबणारे श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरते, असे बाबासाहेबांचे म्हणणे. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अडकली आहेत, त्यांना सामावून घ्यायला उद्योगधंदे वाढले पाहिजेत, हा त्यांचा उपाय. पाठ्यपुस्तकात 'प्रच्छन्न बेकारी' हा शब्द आला की हा निबंध आठवा. गाव सोडून गिरणीत, रेल्वेत आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांचा त्याच्याशी संबंध आहे.

शिकलेले कुठे वापराल?

घरापासून सुरुवात करा. एक शंभर पानी वही, डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले, रोज रात्री पाच मिनिटे. दुसरे, आईच्या बचत गटाची वही वाचून दाखवा. तिसरे, जयंती मंडळाचा हिशेब लिहायला पुढे व्हा. वर्गणीच्या प्रत्येक पावतीला क्रमांक, प्रत्येक खर्चाला प्रमाणक, आणि कार्यक्रम संपल्यावर आठ दिवसांत जमाखर्च फळ्यावर. पैशाच्या संशयावरून चांगली मंडळे फुटलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. बहुतेक वेळा कुणी पैसे खाल्लेले नसतात, फक्त लिहिलेले नसतात. आणि कुणी खाल्ले असतील, तर तेही लिहिल्यावरच कळते.

घरचा अभ्यास : एका दादांनी 5,000 रुपये घालून भाजीचा धंदा सुरू केला. 2,000 रुपयांचा वजनकाटा आणि पाट्या घेतल्या. 2,500 रुपयांची भाजी रोख आणली. ती सर्व विकली. रोख 3,400 आले, 200 ची उधारी राहिली. घरी 400 नेले. रोजकीर्द लिहा, तेरीज काढा, नफा सांगा. उत्तर ताडून पाहण्यासाठी : रोख शिल्लक 3,500, तेरजेची बेरीज 8,600, घसारा न धरता नफा 1,100. उत्तर चुकले तर घाबरू नका. प्रत्येक नोंदीपुढे 'कोण घेतो, कोण देतो, काय येते, काय जाते' हे पुन्हा विचारा.

आणि पालकहो, मुलगी हे गणित सोडवत बसली असेल, तर तिला भांडी घासायला उठवू नका. आज ती भाजीवाल्याचा हिशेब सोडवते आहे. उद्या आपल्या घरचा कर्जाचा कागद तीच वाचणार आहे.